डॉकवरची गाडी पुन्हा पुन्हा सुटते? आधी खडू आणा

गोदामाच्या डॉकला, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्याला, मालाची गाडी पाठ लावून उभी असते. फोर्कलिफ्ट पॅलेट (माल रचायची चौकट) घेऊन गाडीत शिरते आणि तेवढ्यात डॉक आणि गाडी यांच्यामध्ये वीतभर फट पडलेली दिसते. कधी फोर्कलिफ्टचं पुढचं चाक त्या फटीत बसतं, कधी डॉक लेव्हलरची, म्हणजे डॉक आणि गाडी जोडणाऱ्या हलत्या पत्र्याची, लिप (गाडीवर टेकणारी पुढची पट्टी) खाली लोंबकळते, कधी हँड पॅलेट ओढणारा हमाल वेळेवर मागे सरकतो म्हणून वाचतो. भिवंडीच्या पट्ट्यात, म्हणजे मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर, कुठेही डॉकवर काम केलेल्या माणसाला हे नवीन नाही. त्यानंतर जे होतं तेही नवीन नाही. ड्रायव्हरला शिव्या, ट्रान्सपोर्टरला मेल, भिंतीवर नवा फलक आणि सोमवारी सकाळी टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीचं सुरक्षेबद्दलचं छोटं बोलणं. काही महिन्यांनी पुन्हा तेच होतं, फक्त ड्रायव्हर दुसरा असतो.

ड्रायव्हर बदलला तरी घटना बदलत नसेल, तर ड्रायव्हरला बोलून काही हाती लागणार नाही. माझ्या मते गोंधळ असा आहे की ‘गाडी सुटली’ या एकाच नावाखाली आपण तीन वेगळे बिघाड मोजतो आणि एकाचं औषध दुसऱ्याला देतो. गाडी हळूहळू सरकणं हा एक बिघाड. गाडी चालू करून कुणी पुढे नेणं हा दुसरा. गाडी जागच्या जागी असून डॉक आणि गाडी यांच्यामध्ये टाकलेला पत्रा निसटणं हा तिसरा. यातलं नेमकं काय होतंय हे कळायला एक खडू पुरतो.

खडूची तपासणी

गाडी लागली, इंजिन बंद झालं, ड्रायव्हर खाली उतरला की मागच्या शेवटच्या टायरवर अगदी तळाशी, जमिनीला टेकतो तिथे, एक उभी रेघ मारा. त्याच रेषेत खाली जमिनीवर दुसरी रेघ ओढा. दोन्ही बाजूंच्या टायरला असंच करा. मग पाच-सहा पॅलेट झाली की जाऊन बघा, गाडी अर्धी भरल्यावर बघा, आणि शेवटी एकदा.

टायरवरची रेघ फिरून वर गेली असेल तर चाक फिरलं, म्हणजे ब्रेक धरत नाही किंवा लावलेलाच नाही. टायरवरची रेघ तळाशीच आहे पण जमिनीवरच्या रेघेपासून पुढे गेलीय, तर चाक घट्ट आहे आणि टायर घसरतोय. दोन्ही रेघा जुळतात आणि तरी फट दिसते, तर गाडीची बॉडी स्प्रिंगच्या पाट्यांवर हलतेय किंवा पत्रा सरकलाय. आणि रेघ एकदम दोन-तीन फूट लांब गेली असेल तर गाडी सरकलेली नाही, कुणीतरी ती हलवली आहे. मग पुढचं सगळं संशोधन जमिनीवर करण्याऐवजी केबिन आणि ऑफिस यांच्यात करायचं.

आठवडाभर असं करून एका वहीत डॉक नंबर, गाडीचा प्रकार आणि वेळ लिहून ठेवली की चित्र बरंच स्पष्ट होतं. एकाच डॉकवर पुन्हा पुन्हा घसरत असेल तर जमीन बघा. वेगवेगळ्या डॉकवर पण एकाच वेळेला होत असेल तर घड्याळ बघा. त्याबद्दल पुढे येतो.

हळूहळू सरकणारी गाडी

अडीच टनी फोर्कलिफ्टचं स्वतःचं वजन साधारण साडेतीन ते चार टन असतं. एक टनाचं पॅलेट उचललं की पाच टनांचा ऐवज गाडीत ये-जा करतो. आत जाताना ऑपरेटर गाडीत ब्रेक मारतो, तो धक्का गाडीला पुढे, म्हणजे डॉकपासून लांब ढकलतो. पॅलेट ठेवून रिव्हर्स घेताना चाकं गाडीच्या फळीला मागे ढकलत असतील असं वाटतं, पण फोर्कलिफ्ट डॉककडे जायला निघाली की तिची चाकं फळीला उलट दिशेनेच रेटतात, म्हणजे पुन्हा डॉकपासून लांब. जाताना आणि येताना, दोन्ही धक्के एकाच दिशेचे. गाडीला मागे यायला डॉकचा बंपर आडवा आहे, पुढे जायला काहीच नाही. एका फेरीत सरकणं दिसतही नाही, वीस-तीस फेऱ्यांत लिपचा आधार जातो. लिप गाडीच्या फळीवर निदान चार इंच टेकलेली हवी. ती दोन इंचांवर आली की काम थांबवायचं, ‘हे एवढं पॅलेट होऊ दे’ म्हणायचं नाही.

सगळ्यात जास्त सरकते ती रिकामी गाडी. मागच्या चाकांवर वजन नाही, त्यामुळे टायरची पकड कमी. भरताना पहिली काही पॅलेट आणि खाली करताना शेवटची काही, हा धोक्याचा भाग. आपल्याकडे लक्ष नेमकं उलट असतं: सुरुवातीला सगळे निवांत, आणि शेवटी घाई.

ब्रेकबद्दल. एअर ब्रेकच्या गाडीत हँडब्रेक लावला की हवा सुटल्याचा ‘फुस्स’ आवाज येतो. डॉकवरच्या माणसाने तो आवाज ऐकायची सवय लावून घ्यावी. ड्रायव्हरने ‘लगा दिया’ म्हणण्यापेक्षा तो भरवशाचा. बरेच ड्रायव्हर गाडी नुसती गिअरमध्ये टाकून उतरतात. छोट्या टेम्पोला वायरचा हँडब्रेक असतो, त्याचा असा आवाज येत नाही आणि जुन्या गाडीत तो कितपत धरतो हे त्याच्या मालकालाही ठाऊक नसतं. अशा गाडीवर चोक, म्हणजे चाकाला अडवणारी पाचर, लावल्याशिवाय हात लावायचा नाही.

आता व्हील चोक. हे जवळपास प्रत्येक गोदामात आहेत आणि निम्म्या ठिकाणी चुकीच्या बाजूला लागतात. घाटात चढावर गाडी बंद पडली की मागच्या चाकाच्या मागे दगड लावायची सवय हातात बसलेली असते, म्हणून इथेही चोक चाकाच्या मागे, डॉकच्या बाजूला जातो. तिकडे आधीच बंपर आहे. गाडी जाणार आहे पुढे, तर चोक हवा मागच्या चाकाच्या पुढच्या अंगाला, दोन्ही बाजूंना, टायरला भिडवून. चार बोटं अंतर ठेवून लावला तर चाक तेवढं फिरून वेग घेतं आणि चोकवर चढतं. विटेचा तुकडा आणि पॅलेटमधून निघालेली फळी यांना चोक म्हणू नये. लाकडी ठोकळा पावसात कोब्यावर घसरतो; जाड रबराचा चोक बरा. पेव्हर ब्लॉक खचून टायरखाली खड्डे झालेले असतील तर कुठलाच चोक नीट बसत नाही, तिथे आधी जमीन दुरुस्त करावी लागते.

चोक हरवतात, चोरीला जातात, ड्रायव्हर पुढच्या मुक्कामी घेऊन जातात. त्यावर उपाय साखळीचा: डॉकच्या भिंतीला हूक, त्याला साखळी, साखळीला चोक. याचा खरा फायदा चोरी थांबण्यापेक्षा वेगळा आहे. हुकावर चोक टांगलेला दिसतोय म्हणजे तो चाकाखाली नाही, हे आत उभ्या असलेल्या सुपरवायझरला खाली न वाकता कळतं. मात्र साखळी मागच्या चाकापर्यंत पोचते का हे मोजून घ्या. बत्तीस फुटी कंटेनर गाडीचं चाक डॉकपासून बरंच पुढे असतं आणि आखूड साखळीचा चोक मग कायम हुकावरच राहतो.

चाक न फिरता टायर घसरत असेल तर नुसत्या चोकवर विसंबू नका; ओल्या, तेलकट जमिनीवर टायरबरोबर चोकही घसरतो. तिथे डिझेल-ऑइलचे डाग धुवा, आणि फोर्कलिफ्टचा गाडीतला वेग कमी करा. गाडीत शिरून करकचून ब्रेक मारणारा ऑपरेटर ओळखू येतो, त्याच्या प्रत्येक फेरीला सगळी गाडी हादरते. उतारही तपासा. पाणी वाहून जावं म्हणून यार्डाला बाहेरच्या बाजूला थोडा ढाळ दिलेला असतो. जमिनीवर तांब्याभर पाणी ओतलं की ते कुठे धावतं ते दिसेल. जोरात बाहेर धावत असेल तर त्या डॉकवर हलक्या आणि जुन्या गाड्या लावू नका.

एकदम पुढे जाणारी गाडी

हा सगळ्यात घातक प्रकार, कारण यात इशारा मिळत नाही. फोर्कलिफ्ट अर्धी आत, अर्धी बाहेर असताना गाडी निघते. चौकशीत वाक्य ठरलेलं: ‘मला वाटलं काम झालं.’ त्याला तसं का वाटलं, हे फारसं कुणी विचारत नाही.

केबिनमध्ये बसून बघा. मागचं काही दिसत नाही. गाडी हादरायची थांबली की काम संपलं असं वाटतं, पण आत चेकर खोके मोजत असतो. फोर्कलिफ्ट बॅटरीवरची असेल तर तिचा आवाजही येत नाही. ट्रान्सपोर्टरचा फोन येतो, कुठे पोचलास. मागे रांगेतली गाडी हॉर्न वाजवते. वॉचमन हात हलवतो. आणि मुख्य म्हणजे खिडकीतून बिल्टी, इनव्हॉइस, ई-वे बिल आणि गेटपास हातात पडतो. ड्रायव्हरला ‘निघ’ सांगणाऱ्या इतक्या खुणा मिळतात आणि त्यातली एकही गाडीच्या आत उभ्या असलेल्या माणसाकडून आलेली नसते. एकदा हे दिसलं की ड्रायव्हरच्या बेफिकिरीपेक्षा आपल्या व्यवस्थेचीच लाज वाटते.

यात घड्याळाचा भाग मोठा. ठाणे-मुंबईत अवजड गाड्यांना ठरावीक वेळांतच प्रवेश असतो. ती बंदी लागायच्या आधी निघालं तर माल आज पोचतो, नाही तर रस्त्याकडेला चार-पाच तास. म्हणून बंदीच्या आधीच्या तासाभरात ड्रायव्हर ऑफिसच्या खिडकीला चिकटलेला असतो आणि आतला क्लार्क, सिस्टीममध्ये शेवटचं पॅलेट स्कॅन झालं की कागद काढून मोकळा होतो. स्कॅन झालं म्हणजे पॅलेट गाडीत बसलं असं नाही, आणि माणूस गाडीतून बाहेर आला असं तर मुळीच नाही. वहीतल्या घटना अशा वेळेभोवती गोळा होत असतील तर कारण सापडलं.

इलाज म्हणून पहिलं नाव निघतं ते चावी काढून घेण्याचं. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा यंत्रणेच्या मार्गदर्शनातही किल्ली किंवा कागद ताब्यात ठेवण्याचा उपाय सांगितलेला आहे, तेव्हा कल्पना चांगलीच आहे. आपल्याकडे ती अडते दोन ठिकाणी. एक, दुसरी चावी क्लीनरच्या खिशात असते. दोन, ड्रायव्हर रात्रभर गाडी चालवून आलेला असतो. त्याला केबिनमध्ये पंखा हवा, मोबाइल चार्ज करायचा असतो, तासभर पाठ टेकायची असते. मे महिन्यात पत्र्याच्या केबिनमध्ये चावीशिवाय बसवलेला माणूस दुसरी चावी काढणारच. म्हणून चावी घ्यायची असेल तर आधी बसायला सावली, पंखा, चार्जिंगचे पॉइंट, संडास आणि चहा एवढी सोय करा. ही सोय असलेल्या गोदामात चावी मागताना वाद होत नाही. शिवाय ड्रायव्हर केबिनमध्ये नसला की निम्मा धोका आपोआप गेला.

पण माझा भर चावीपेक्षा गेटपासवर आहे. चावीला जोड असते, गेटपासला नसते, आणि त्याच्याशिवाय ड्रायव्हरला निघता येत नाही. बदल एवढाच करायचा: गेटपास ऑफिसच्या खिडकीतून द्यायचा नाही. तो डॉकवरच्या लोडिंग सुपरवायझरकडे जाईल, आणि तो स्वतः शेवटचा माणूस बाहेर, लेव्हलर जागेवर, शटर खाली, चोक हुकावर हे सगळं बघून ड्रायव्हरच्या हातात देईल. क्रम महत्त्वाचा. काही ठिकाणी वॉचमनने मुख्य गेटवर तपासायचं ठरवलेलं असतं. माल चोरीला जाऊ नये म्हणून ते ठीक, पण गाडी गेटवर पोचली तोवर डॉकवर जे व्हायचं ते झालेलं असतं. क्लार्क आणि स्टोअर मॅनेजर सुरुवातीला कुरकुर करतात, कारण खिडकीतून कागद देणं सोपं असतं. तेवढं सोसावं.

दिव्यांचा उपयोग होतो, बसवले नीट तर. बाहेर ड्रायव्हरला लाल तेव्हा आत फोर्कलिफ्टला हिरवा, आणि उलट. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानहून आलेल्या ड्रायव्हरसाठी मराठी किंवा इंग्रजी फलकापेक्षा लाल दिवा केव्हाही बरा. पण आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि गाडी उलटी लागलेली असते. यार्डात उभं राहून डॉककडे तोंड केलं तर त्याची बाजू आपल्या डाव्या हाताला येते. दिवा शटरच्या त्याच बाजूला हवा, म्हणजे आरशात दिसेल. डाव्या स्टिअरिंगच्या देशातल्या ड्रॉइंगवरून बसवलेला दिवा दुसऱ्या बाजूला जातो आणि शेजारच्या गाडीमागे लपतो. रिकाम्या गाडीत स्वतः बसून आरशात बघितल्याशिवाय दिवा पास करू नका.

आणखी एक प्रकार, ज्याची नोंद कुठेच होत नाही: ‘जरा पुढे घे.’ जुन्या गोदामांत यार्ड अरुंद. शेजारच्या डॉकवरची गाडी काढायला जागा हवी म्हणून दुसरा ड्रायव्हर किंवा वॉचमन सांगतो, आणि हा चार फूट पुढे घेतो. त्याला वाटतं आपण कुठे निघालोय, इथेच तर आहोत. खडूच्या रेघेने हे हमखास पकडलं जातं. नियम एका वाक्याचा करा: डॉकला लागलेली गाडी फक्त त्या डॉकच्या सुपरवायझरच्या सांगण्यावरून हलेल. तसंच ब्रेकची हवा भरायला किंवा एसीसाठी इंजिन चालू करायचं असेल तर आधी सांगायचं, आणि तोवर आतलं काम थांबवायचं.

पत्रा निसटणे

हे लवकर आटपतं. लेव्हलर नसलेल्या डॉकवर चेकर प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा जाड पत्रा, टाकून काम चालतं. तिच्या खालच्या अंगाला अँगल वेल्ड केलेला नसेल, किंवा अडवायला पिन नसेल, तर ती चाकाबरोबर सरकणारच. वेल्डरला बोलावा, तासाभराचं काम आहे. डॉक चार फुटी आणि गाडी छोटा हत्ती असेल तर पत्र्याचा उतार इतका तीव्र होतो की त्यावरून पॅलेट नेऊच नये, माल हाताने उतरवावा. माल चढेल तशी गाडी पाट्यांवर दबते, उतरेल तशी वर येते; म्हणून मध्येच प्लेट पुन्हा नीट बसवावी लागते.

दार उघडायला मध्ये गेलेला माणूस

गाडी सुटण्याशी याचा थेट संबंध नाही, पण डॉकवर जीव जातो तो बऱ्याचदा असा. कंटेनरची दारं बाहेर उघडतात. ड्रायव्हर दारं न उघडताच गाडी मागे घेतो, चार-पाच फुटांवर लक्षात येतं, आणि क्लीनर मध्ये शिरून कडी काढतो. वरून हाका चालू, ‘आने दे, आने दे’, त्या दुसऱ्याच गाडीसाठी. यावर यंत्र लागत नाही. डॉकपासून चांगलं अंतर राखून जमिनीवर पिवळा पट्टा मारा; दारं त्या पट्ट्याबाहेर उघडून बाजूला अडकवायची आणि गाडी हलत असताना पट्ट्याच्या आत कुणीही पाय ठेवायचा नाही. मागे घ्यायला सांगणारा माणूस गाडीच्या मागे नको, बाजूला, ड्रायव्हरच्या आरशात दिसेल असा हवा. तो दिसेनासा झाला की ड्रायव्हरने थांबायचं.

मशीन घ्यावं का?

गाडीला मागून हुकाने धरून ठेवणारी यंत्रं मिळतात. ती पकडतात गाडीच्या मागच्या खालच्या आडव्या दांड्याला. आपल्या रस्त्यांवरच्या गाड्यांमध्ये तो दांडा वाकलेला, वेगळ्या उंचीवर वेल्ड केलेला किंवा गायब असतो. ठरलेल्या ताफ्याच्या, एकसारख्या गाड्या येत असतील तर हुक घ्या. रोज बाजारातल्या गाड्या लागत असतील तर चाकालाच अडवणारा प्रकार बघा. मशीन विकणारा आला की त्याला सरळ सांगा, आज यार्डात उभ्या असलेल्या पहिल्या दहा गाड्यांवर लावून दाखव. आणि मशीन आलं म्हणून हँडब्रेक सोडायचा नाही. अमेरिकेच्या ओशा (कामगार सुरक्षा यंत्रणा) नियमांत फोर्कलिफ्ट गाडीत शिरणार असेल तर ब्रेक लावणं आणि मागच्या चाकांना चोक लावणं, दोन्ही एकत्र सांगितलेलं आहे.

प्रशिक्षणाचं एक दुखणं इथेच सांगतो. ड्रायव्हर ट्रान्सपोर्टरचा, फोर्कलिफ्ट ऑपरेटर ठेकेदाराचा, सुपरवायझर कंपनीचा, आणि हमाल १९६९च्या माथाडी कायद्याखाली मंडळाकडे नोंदलेला. चौघांचे मालक वेगळे, त्यामुळे चौघांना एकत्र उभं करून कुणी काहीच सांगत नाही. टूलबॉक्स टॉकला ड्रायव्हर आणि क्लीनर कधीच नसतात. गाडी लागली की तिथल्या तिथे, हिंदीत, दोन मिनिटांत सांगा: चोक कोण काढणार, कागद कोण देणार, तोवर तू कुठे बसणार.

चाक फटीत गेलंच तर

ऑपरेटरने उडी मारायची नाही. बसून चालवायच्या फोर्कलिफ्टमधून उडी मारणारा माणूस बहुतेक वेळा तिच्याच छताच्या दांड्याखाली सापडतो. पट्टा लावलेला, हात स्टिअरिंगवर घट्ट, पाय टेकवून, कलणाऱ्या बाजूच्या उलट अंग झुकवायचं. ती स्थिर झाल्यावरच उतरायचं. गाडीचं इंजिन लगेच बंद, चोक दोन्ही अंगांना, ड्रायव्हर केबिनबाहेर. ‘गाडी जरा मागे घे म्हणजे चाक वर येईल’ असं कुणीतरी हमखास सांगतो. घ्यायची नाही, फट मिटताना मध्ये काय आणि कोण चेंगरेल सांगता येत नाही. दुसऱ्या फोर्कलिफ्टने ओढायचंही नाही. आसपासची माणसं हटवा, खालचा यार्ड मोकळा करा आणि क्रेन बोलवा. ती येईपर्यंत खडूच्या रेघांचे फोटो काढून घ्या, कारण नंतर त्या पुसल्या जातात.